एक व्हेंटिलेटर, दोन रुग्ण : संकटकाळाच्या आराखड्यात याला जागा द्यावी का?

लोहचुंबक

नमस्कार मंडळी. मी रुग्णालयातल्या यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. आमच्याकडे संकटकाळाचा आराखडा नव्याने लिहायला घेतलाय आणि 'व्हेंटिलेटर कमी पडले तर' या पानावर समितीत सरळ दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं असं, की टी-पीस (टी आकाराचा नळीजोड), फिल्टर, वन-वे व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि जादा नळ्या यांचे संच बांधून तयार ठेवावेत. वेळ आलीच तर एका यंत्रावर दोन रुग्ण घेता येतील. दुसरा तट म्हणतो, हे आराखड्यात छापूच नका. छापलं की ते नेहमीच्या उपचारासारखं वाटायला लागतं.

माझा कल पहिल्या बाजूला आहे. २००६ साली नेमन आणि इर्विन यांनी एका व्हेंटिलेटरवर चार कृत्रिम फुफ्फुसं चालवून दाखवली. २००८ साली दुसऱ्या एका गटाने माणसाच्या वजनाच्या चार मेंढ्या एकाच यंत्रावर १२ तास ठेवल्या. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये गोळीबार झाला, तेव्हा सनराइज हॉस्पिटलच्या डॉ. केव्हिन मेनेस यांनी यंत्रं संपल्यावर साधारण सारख्या चणीच्या जखमींच्या जोड्या लावल्या आणि वाय आकाराच्या नळीने एकेका यंत्राला जोडल्या. म्हणजे हे नुसतं कागदावरचं नाही.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः आयसीयूत काम करणाऱ्यांनी लिहावं.

अतिदक्ष

लोहचुंबक, तुझी तिन्ही उदाहरणं खरी आहेत, पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे : फुफ्फुसं धडधाकट होती. कृत्रिम फुफ्फुसं एकसारखी, मेंढ्या निरोगी, आणि लास व्हेगासचे जखमी गोळ्या लागून आलेले. त्यांच्यातल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेपर्यंत, म्हणजे काही तास, श्वास पुरवायचा होता.

आपल्याला तुटवडा कधी भासतो? श्वसनाच्या साथीत. तेव्हा खाटेवरच्या माणसाचं फुफ्फुस ताठर झालेलं असतं, काही भाग पाण्याने भरलेला, काही मिटलेला, थोडाच भाग हवा घेणारा. शिवाय ते तासातासाला बदलतं. अशा माणसाला यंत्रावर तास नाही, आठवडे काढावे लागतात. या रुग्णांना ठरावीक मापापेक्षा जास्त हवा दिली तर यंत्रच फुफ्फुस फाडतं, हे २००० सालच्या एआरडीएस (फुफ्फुसं अचानक ताठर होऊन निकामी होण्याचा आजार) नेटवर्कच्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत स्पष्ट झालं. उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे १२ मिली हवा दिलेल्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. सगळा फरक मापाचा होता. आणि एका यंत्रावर दोघं घेतले की नेमकं तेच माप आपल्या हातून सुटतं.

मी दुसऱ्या तटात.

सावलीतला

वाचतोय. चांगला विषय.

रानवारा

माझा वैद्यकाशी संबंध नाही, म्हणून बाळबोध प्रश्न. एका पंपावर दोन नळ असले तर ज्या नळाची तोटी मोकळी तिकडे पाणी जास्त जाणार, हे कळतं. मग मोकळ्या बाजूला एक चावी बसवून ती थोडी आवळली की झालं ना?

श्वासमापक

रानवारा, प्रश्न बाळबोध नाही. नेमकं त्यावरच पुढे काम झालंय, पण त्याआधी एक पायरी आहे. मी श्वसन तंत्रज्ञ आहे आणि नव्या मुलांना शिकवताना हा प्रयोग टेबलावर मांडतो. आकडे सांगतो, प्रतिकार वगैरे बाजूला ठेवून.

दोन टेस्ट लंग, म्हणजे कृत्रिम फुफ्फुसं घ्या. 'अ' मऊ आहे, दर एक सेंमी दाबाला ४० मिली फुगतं. 'ब' ताठर, २० मिली. यंत्राने पीपच्या (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) वर १२ सेंमीचा दाब दिला तर 'अ'ला ४८० आणि 'ब'ला २४० मिली मिळतात. पडद्यावर दिसतं ७२०. हे ७२० कुणाचे किती, ते पडद्याला माहीत नाही. यंत्राच्या लेखी तिथे एकच माणूस आहे.

आता 'ब'भोवती एक रबरबँड गुंडाळा, म्हणजे त्याची आजारी बाजू आणखी ताठर झाली, २० चे १० झाले. यंत्र व्हॉल्यूम मोडवर (दाब कितीही लागो, ठरलेली हवा द्यायची) असेल तर ते ७२० पुरे करणारच. मग 'अ'ला ५७६ आणि 'ब'ला १४४. पडद्यावर पुन्हा ७२० च. दाब १२ वरून फक्त १४.४ झालेला. कुठलाही अलार्म वाजत नाही. मुलं पडद्याकडे बघत राहतात आणि टेबलावर एक फुफ्फुस टम्म फुगलेलं, दुसरं जेमतेम हलणारं.

आता 'ब'ची ट्यूब (श्वासनलिकेत घातलेली नळी) कफाने पूर्ण बंद झाली असं धरा. सगळे ७२० 'अ'मध्ये. दाब १८, वर पीप १० धरला तर २८. दाबाचा अलार्म बहुधा ४० च्या आसपास लावलेला असतो. म्हणजे एक माणूस गुदमरतोय, दुसऱ्याला दीडपट हवा जातेय आणि खोलीत शांतता.

म्हणून कुणी हे केलंच तर प्रेशर मोडवरच (हवा किती का जाईना, ठरलेला दाब द्यायचा) करतात. त्यात 'ब' बंद पडला तरी 'अ'ला ४८० च मिळतात. पण प्रेशर मोडचाही एक डाव आहे. 'ब' सुधारला, मऊ झाला, की त्याच दाबात त्याला आपोआप जास्त हवा जायला लागते. बिघाडाइतकीच सुधारणाही पकडता आली पाहिजे.

तुमची चावी आवळल्याने हवेचं माप कमी करता येतं, हे बरोबर. पण प्रत्येकाकडे नेमकी किती गेली हे मोजणारा सेन्सर त्या फांदीवर (त्या रुग्णाकडे जाणाऱ्या नळीवर) नसेल तर चावी किती आवळायची हे ठरवणार कशावरून?

रानवारा

आभार. तुमचा प्रतिसाद वाचताना मी माझेच श्वास मोजायला लागलो होतो.

लोहचुंबक

श्वासमापक, फारच उपयोगी. पण हे सगळं मोजमापाचं दुखणं आहे. प्रत्येक फांदीवर फ्लो सेन्सर, एक कंट्रोल व्हॉल्व्ह आणि एक पीप व्हॉल्व्ह बसवला तर? असे जोड तयार झालेले आहेत. कोविडच्या साथीत, २०२० च्या मार्चमध्ये, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी संस्था) व्हीइस्पर नावाच्या थ्रीडी प्रिंटेड जोडाला आणीबाणीपुरती परवानगी दिली होती, चार रुग्णांपर्यंत.

श्वासमापक

तो जोड फांद्या फोडतो, प्रत्येकाचं माप वेगळं करत नाही. तू म्हणतोस तसे सेन्सर आणि व्हॉल्व्हवाले संच बनलेत आणि टेबलावर चांगले चालतात. फक्त प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे निसटू शकणारी आणखी एक जागा. त्यातही वन-वे व्हॉल्व्ह उलटा बसला तर एकाची सोडलेली हवा दुसऱ्याकडे जाईल किंवा एकाचा श्वास बाहेरच पडणार नाही. २२ मिमीचे जोड दोन्ही दिशांनी बसतात, त्यामुळे रात्री घाईत हे होऊ शकतं. बाणाची खूण ठळक हवी.

रात्रपाळी

सगळे नळीबद्दल बोलताहेत. मी परिचारिका आहे, मी खाटेबद्दल बोलते.

आयसीयूत एका पाळीत व्हेंटिलेटरच्या रुग्णाचं काय काय करावं लागतं ते बघा. सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं. कूस बदलणं. तोंडाची स्वच्छता. ट्यूबची पट्टी बदलणं. स्कॅनला नेणं. यातलं प्रत्येक काम करताना मला आता शेजारच्या माणसाचाही विचार करायचा. सक्शनला एकाचं सर्किट (यंत्राच्या नळ्यांची जोडणी) उघडलं की दाब दोघांचा पडतो. महत्प्रयासाने उघडलेली फुफ्फुसं क्षणात मिटतात आणि पुन्हा उघडायला तासन्‌तास लागतात. म्हणून क्लोज्ड सक्शन (नळी न उघडता कफ काढणं) हवंच, आणि नळी काढायची वेळ आली तर आधी क्लॅम्प. क्लॅम्प म्हणजे नळी दाबून बंद करणारा चिमटा, जाड, रबरी तोंडाचा, श्वास आत भरलेला असताना लावायचा. तो हात पोचेल तिथे नसेल तर उपयोग नाही.

आणि एकाचं हृदय बंद पडलं तर? छाती दाबायला सुरुवात केली की प्रत्येक दाबाचा धक्का त्याच नळीतून दुसऱ्याकडे. दाबाखाली यंत्र भलतेच श्वास मोजायला लागतं. म्हणजे पहिल्या काही सेकंदांत एकाला वेगळं काढून अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घ्यायचं, त्याच वेळी यंत्राचे अलार्म एका रुग्णापुरते बदलायचे, आणि दुसऱ्याच्या छातीकडे लक्ष ठेवायचं. हे एकटीने होत नाही. जिथे यंत्रं संपलीत तिथे माणसं उरलेली असतात असं कुणाला वाटतंय?

दोन खाटा डोक्याला डोकं लावून ठेवायच्या तर मधे उभं राहायलाही जागा हवी. आराखड्यात खोलीचा नकाशाही काढा.

अतिदक्ष

रात्रपाळी ताई, नेमकं. यात एक भर. दोघांना एका तालावर ठेवायचं तर कुणीही स्वतःहून श्वास ओढता कामा नये. यंत्राचा ट्रिगर (रुग्णाने श्वास ओढला की यंत्राला चालना देणारी सोय) बंद करावा लागतो, म्हणजे खोल भूल आणि वर स्नायू शिथिल करणारं औषध, दोघांनाही. एखादा सुधारत असेल, एरवी त्याला आपण जागं करून हळूहळू यंत्रावरून उतरवायला लागलो असतो, तरी त्याला जोडीदारासाठी झोपवून ठेवायचं. त्याचे स्नायू रोज क्षीण होत जातात. पालथं झोपवायचं तरी दोघांचं गणित जुळवा. २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीत रोज १६ तासांच्या आसपास पालथं झोपवल्याने २८ दिवसांचा मृत्युदर ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आला. एवढा गुण असलेला उपचार जोडणीपायी अवघड करून ठेवायचा, हा सौदा मला पटत नाही.

ओंजळ

एक विचारते. नवरा-बायको दोघंही आजारी असतील, दोघांना यंत्र लागलं, एकच शिल्लक असेल, तर त्यांना एकत्र ठेवता येईल का? दोघांना संसर्ग एकच, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याला काही लागण्याचा प्रश्न नाही. माझ्या मनात हे सारखं येतं कारण आमच्या घरात दोघं एकाच आठवड्यात आयसीयूत होते. यंत्रं मिळाली, देवाची कृपा. पण त्या वेळी कुणी विचारलं असतं तर आम्ही डोळे मिटून हो म्हटलं असतं.

श्वासमापक

ओंजळ, दोघं बरे झाले असतील अशी आशा करतो.

नातं जुळतं म्हणून फुफ्फुसं जुळत नाहीत. हवेचं माप उंचीवर ठरतं. पुरुष १७५ सेंमी उंच असेल तर सूत्राने वजन धरायचं ७०.६ किलो, म्हणजे श्वासाला सुमारे ४२३ मिली. बाई १५५ सेंमी, तर ४७.९ किलो आणि सुमारे २८७ मिली. शिवाय त्याचा आजार पाचव्या दिवसावर, तिचा दहाव्या. त्याला पीप १४ लागेल, तिला ८. दर मिनिटाचे श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण, पीप, सगळं एकच ठेवावं लागतं. अनोळखी पण मापाने जुळणारी जोडी घरच्या जोडीपेक्षा सुरक्षित ठरेल.

संसर्गाचंही तसंच. विषाणू एक असला तरी आयसीयूत पकडलेले औषधांना न जुमानणारे जीवाणू वेगळे असतात. म्हणून प्रत्येकाच्या फांदीवर स्वतंत्र फिल्टर लागतोच.

ओंजळ

बरे आहेत दोघंही. उत्तर समजलं.

न्यायप्रिय

ओंजळच्या 'डोळे मिटून हो' वरून मुद्दा मांडतो. ज्याला यंत्र मिळालेलं नाही, त्याच्या घरच्यांची संमती मिळणारच. प्रश्न आहे तो आधीपासून यंत्रावर असलेल्याचा. त्याच्यावर उपचार सुरू आहेत, तो बेशुद्ध आहे, आणि दुसऱ्यासाठी आपण त्याची जोखीम वाढवतोय. त्याच्या घरच्यांनी नाही म्हटलं तर? आणि जोडल्यानंतर पहिला दगावला तर दुसऱ्याच्या घरच्यांनी ते ओझं कसं घ्यायचं?

मला वाटतं, पहिल्याच्या घरच्यांना 'नाही' म्हणायचा पूर्ण हक्क असायला हवा आणि तो आधी सांगायला हवा.

शून्यप्रहर

असहमत. जिथे दुसऱ्या माणसाचा मृत्यू समोर दिसतोय, तिथे थोडी वाढीव जोखीम समाजाने वाटून घ्यायला हवी. नकाराधिकार दिला तर प्रत्येक जण नाहीच म्हणेल.

अतिदक्ष

शून्यप्रहर, 'थोडी वाढीव' हे गृहीत धरू नकोस. २०१२ मध्ये ब्रॅन्सन आणि सहकाऱ्यांनी चार फुफ्फुसांचा प्रयोग पुन्हा केला, फक्त या वेळी फुफ्फुसं वेगवेगळ्या ताठरपणाची ठेवली. कुणाला किती हवा जाईल याचा ताळमेळच राहिला नाही आणि त्यांनी ही पद्धत नको म्हटलं. २६ मार्च २०२० ला अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर, भूलशास्त्र, श्वसन तंत्रज्ञ, परिचारिका अशा संघटनांनी मिळून जे निवेदन काढलं त्याचा गाभाही हाच : सध्याच्या उपकरणांनी हे सुरक्षितपणे होत नाही, करू नका, अनेकांचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा ज्याला फायद्याची शक्यता सर्वांत जास्त त्याला यंत्र द्या.

लोहचुंबक

पण त्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयाने ते केलं, आणि विचारपूर्वक केलं. बाइटलर आणि सहकाऱ्यांचा अहवाल २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. रुग्ण मापाने जुळवलेले, प्रेशर मोड, स्नायू शिथिल केलेले, नजर सतत. तीन जोड्या, सुमारे दोन दिवस. म्हणजे 'होतच नाही' असं नाही.

अतिदक्ष

सहा रुग्ण, मोठं रुग्णालय, उत्तम मनुष्यबळ. अशी जोडी जुळवायची तर निवडीला बरेच रुग्ण समोर हवेत. लहान रुग्णालयात व्हेंटिलेटरवर जेमतेम पाच जण, त्यात जुळणारे दोघं कुठून आणणार? पण तुझ्या मुद्द्याचा मान राखतो. त्यांनी ते पूल म्हणून वापरलं, पुढचं यंत्र येईपर्यंत.

जुनीपाने

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. यंत्रं नसताना काय करता येतं याचं मोठं उदाहरण १९५२ चं कोपनहेगन आहे. पोलिओची साथ, ब्लेगडॅम रुग्णालय, आणि सबंध रुग्णालयात एक आयर्न लंग (रुग्णाला आत झोपवून श्वास देणारी टाकी) व छातीवर बसवायची सहा उपकरणं. श्वास अडकलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. मग भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इबसेन यांच्या सांगण्यावरून १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली आणि त्यांनी रबरी पिशवीने हाताने हवा द्यायला सुरुवात केली. ती वाचली. त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटेशेजारी बसले आणि आठवड्यामागून आठवडे पिशव्या दाबत राहिले. एकूण सुमारे १५०० विद्यार्थी. आजचे आयसीयू या साथीतून उभे राहिले.

मुद्दा असा, की तिथे एका रुग्णामागे एक माणूस होता. यंत्र वाटून घेण्याऐवजी माणसं वाढवली.

रात्रपाळी

जुनीपाने, हे वाचून बरं वाटलं. पण पोलिओत फुफ्फुस चांगलं होतं, स्नायू निकामी झाले होते. ताठर फुफ्फुसाला हाताने तासन्‌तास बॅग देणं वेगळं. पंधरा मिनिटांत बोटं भरून येतात, प्रत्येक श्वासाचं माप बदलतं, पीप व्हॉल्व्ह लावला नाही तर दाब टिकत नाही, आणि हवेतून पसरणारा आजार असेल तर बॅग दाबणारा सगळ्यांत जवळ असतो. पुलापुरतं ठीक.

भूलभुलैया

भूलतज्ज्ञ म्हणून दोन ओळी. कुणीच अजून भूलयंत्रांचं नाव काढलं नाही. शस्त्रक्रिया थांबवल्या की प्रत्येक ओटीत (शस्त्रक्रियेच्या खोलीत) एक व्हेंटिलेटर मोकळा होतो. २०२० मध्ये ही यंत्रं आयसीयूसाठी बऱ्याच ठिकाणी वापरली गेली. त्यात सोडा लाइमवर (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा पदार्थ) नजर हवी, पाणी साचतं, वायूचा प्रवाह वाढवून ठेवावा लागतो आणि जवळ भूल द्यायला शिकलेला माणूस लागतो. तरीही तिथे एका यंत्रावर एकच रुग्ण असतो. त्यानंतर ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर, मग बायपॅप (एरवी मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) ट्यूबला जोडून, दुसऱ्या रुग्णालयातून यंत्र किंवा दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण. आणि ज्यांना मास्कवर, हाय फ्लोवर (नाकातून जोरात सोडलेला ऑक्सिजन), जागेपणी पालथं झोपवून सांभाळता येईल त्यांना ट्यूबच टाकायची नाही. हे सगळं संपल्याशिवाय टी-पीसचा संच उघडायचा नाही.

सावलीतला

+१. हा क्रम आराखड्यात गेला तरी खूप झालं.

शून्यप्रहर

मान्य. पण हे सगळं संपलं तर? तेव्हा छापलेलं पान नसेल, तर कुणीतरी रात्री दोन वाजता आठवेल तसं जोडेल. लास व्हेगासला डॉ. मेनेस यांना नेमनचं काम आधीपासून माहीत होतं, म्हणून 'सारख्या चणीचे' हे सुचलं. सगळ्यांना कुठून सुचणार? माझ्या मते छापलं पाहिजे ते याच कारणाने.

अतिदक्ष

हा मुद्दा मला पटला. 'करू नका' लिहून पान संपवण्यापेक्षा, करायची वेळ आलीच तर चुकीच्या पद्धतीने होऊ नये एवढं लिहिणं योग्य. पण अट काटेकोर हवी.

लोहचुंबक

चर्चेवरून मसुदा केलाय, बघा :

"एका व्हेंटिलेटरवर दोन रुग्ण हा उपाय भूलयंत्रं, ट्रान्सपोर्ट यंत्रं, बायपॅप आणि रुग्ण हलवणं हे सर्व संपल्यावरच, आणि नवीन यंत्र येण्याची वेळ ठरलेली असेल तरच. दोनच रुग्ण, अधिक नाही. उंची, लागणारा दाब, पीप, ऑक्सिजन आणि संसर्ग जुळलेला. प्रेशर मोड, ट्रिगर बंद. प्रत्येक फांदीवर फिल्टर आणि वन-वे व्हॉल्व्ह. यंत्राचे अलार्म दोघांच्या बेरजेवर चालतात, म्हणून किमान हवेचा अलार्म बेरजेच्या अगदी जवळ लावावा. एक प्रशिक्षित व्यक्ती सतत खाटेपाशी. संचावर बाणाच्या खुणा, जोडणी वर्षातून दोनदा टेस्ट लंगवर करून पाहावी."

श्वासमापक

दोन गोष्टी घाल. प्रत्येक रुग्णाच्या ट्यूबवर स्वतंत्र कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड रेघेने दाखवणारं उपकरण). एकाची ट्यूब बंद झाली तर सर्वांत आधी त्याचीच रेघ सांगेल. आणि जादा नळ्यांसकट यंत्राची सर्किट चाचणी रुग्ण जोडण्यापूर्वी करायची, नाहीतर नळ्याच फुगण्यात जाणारी हवा रुग्णाच्या खात्यात मोजली जाईल.

रात्रपाळी

दोन अंबू बॅग, पीप व्हॉल्व्हसकट, एकेका खाटेला बांधलेल्या. क्लॅम्पही दोन, नळीलाच अडकवलेले. ड्रॉवरमध्ये ठेवायचे नाहीत.

लोहचुंबक

सगळं घातलं. एकच ओळ कोरी राहिलीय : निर्णय कोण घेणार? समितीत 'उपस्थित डॉक्टर' असं सुचवलंय.

अतिदक्ष

ते काढ. उपस्थित डॉक्टर दोघांपैकी एकाचा तरी असतोच. उपचार करत नसलेले दोन वरिष्ठ डॉक्टर आणि एक वरिष्ठ परिचारिका, असं लिही. निर्णयाची वेळ आणि कारण नोंदवायचं, दर काही तासांनी तेच तिघं पुन्हा बघतील. दोन्ही घरांशी बोलण्याचं काम मात्र त्या त्या रुग्णाच्या डॉक्टरचं.

न्यायप्रिय

आणि पहिल्याच्या घरच्यांशी आधी.

लोहचुंबक

लिहिलं. पुढच्या बैठकीत हाच मसुदा ठेवतो.